ओरखडा, चरा आणि पोचा

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात सभासदांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



रौप्यमहोत्सवी वर्षात आरोग्य, योग, मृत्युपत्र, सायबर फसवणूक अशा विषयांवर चांगली व्याख्याने झाली. माझ्या वाट्याला आलेला विषय त्यामानाने फारच किरकोळ वाटेल. गाडीवर पडलेले लहान ओरखडे आणि पोचे. सचिवांनी विषय विचारला तेव्हा मी हा सांगितला, आणि ते हसले. मी म्हटलं, तक्रारवही काढा. पाणी आणि गळती सोडली तर सर्वांत जास्त पाने कशाने भरली आहेत ते बघा. "माझ्या गाडीला कोणीतरी घासले आहे, सीसीटीव्ही दाखवावा." मग ते हसायचे थांबले.

कारण साधे आहे. सोसायटी झाली तेव्हा खाली स्कूटरी जास्त आणि मोटारी मोजक्या होत्या. आज घरटी एक, काही घरांत दोन गाड्या आहेत. गाड्या वाढल्या, रुंद झाल्या. खांब मात्र आहेत तिथेच आहेत. तेव्हा घासाघीस होणारच. प्रश्न एवढाच, की झाल्यावर आपण काय करतो. बहुतेक जण आधी रागावतात, मग खर्च करतात आणि नक्की काय झालंय ते सगळ्यात शेवटी बघतात. माझं आज सांगणं एकच आहे : हा क्रम उलटा करा. आधी ओरखड्याची खोली बघा, मग खर्चाचा विचार करा. राग बहुतेक वेळा उरतच नाही.

गाडीचा रंग म्हणजे काय

आपल्याला वाटतं, पत्र्यावर रंग मारलाय, संपलं. तसं नसतं. कारखान्यात पत्र्याची बॉडी तयार झाली की ती आधी रसायनांनी धुतात, तिच्यावर फॉस्फेटचा थर देतात. मग सगळी बॉडी एका मोठ्या टाकीत बुडवून विजेच्या प्रवाहाने प्रायमर बसवतात. त्याला ईडी कोट म्हणतात. गंजापासून खरं संरक्षण तो करतो. त्यावर सरफेसर, म्हणजे पृष्ठभाग सपाट करणारा थर. त्यावर बेस कोट, म्हणजे आपण ज्याला गाडीचा रंग म्हणतो तो. आणि सगळ्यात वर क्लिअर कोट. हा पारदर्शक असतो. गाडीची चकाकी त्याची, आणि ऊनपावसाचा मारा खातो तोही तोच.

आता जाडी ऐका. हे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. एक मिलिमीटर म्हणजे १००० मायक्रॉन. म्हणजे सगळा रंग मिळून मिलिमीटरचा दहावा-सातवा हिस्सा. त्यातला वरचा क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे आपल्या डोक्याच्या केसापेक्षाही बारीक. खालचा पत्रासुद्धा साधारण पाऊण मिलिमीटरचाच असतो. एवढ्या नाजूक कातडीची गाडी आपण रोज कोरड्या फडक्याने खसाखसा पुसतो.

मराठीत आपल्याकडे या दुखण्यांना तीन चांगले शब्द आहेत. वरवरचा तो ओरखडा. खोल गेलेला तो चरा. आणि पत्राच आत बसला तर तो पोचा. तिघांचे उपचार वेगळे आहेत. ओरखड्याला चऱ्याचा उपचार केला की पैसे वाया जातात, आणि चऱ्याला ओरखड्याचा केला की गाडी वाया जाते.

तीन तपासण्या

पहिली तपासणी पाण्याची. जागा स्वच्छ धुवा आणि ओली असतानाच बघा. रेघ पाण्याखाली दिसेनाशी झाली तर ती क्लिअर कोटमध्येच आहे असं समजायला हरकत नाही. पाणी त्या बारीक खाचेत भरतं आणि उजेड सरळ परततो, म्हणून रेघ लपते. ती घरच्या घरी बरी होण्यासारखी आहे.

दुसरी नखाची. रेघेवरून आडवं नख हलकेच फिरवा. नख सरळ निघून गेलं तर ओरखडा. नख अडकलं तर चरा. नुसत्या घासण्याने तो जाणार नाही.

तिसरी रंगाची. चऱ्याच्या तळाशी काय दिसतं? गाडीचाच रंग दिसला तर बेस कोट शाबूत आहे. करडा किंवा फिकट पांढरट दिसला तर प्रायमर उघडा पडलाय. धातूची चमक किंवा तांबूस डाग दिसला तर पत्र्यापर्यंत गेलंय. मग वेळ घालवायचा नाही.

आणि एक चौथी गोष्ट, जी निम्म्या लोकांच्या लक्षातच येत नाही. पुष्कळदा गाडीवर दिसतो तो ओरखडा नसतोच. दुसऱ्या वस्तूचा रंग आपल्या गाडीवर चिकटलेला असतो. खांबाचा पिवळा, गेटचा हिरवा, शेजारच्या गाडीचा लाल. हाताला तो किंचित वर आलेला लागतो. तो खरवडायचा नाही, पुसून काढायचा असतो. कसा, ते आता सांगतो.

ओरखड्याचा घरगुती उपचार

साहित्य थोडं लागतं. दोन-तीन मायक्रोफायबरची फडकी, रबिंग कंपाउंडची लहान डबी, पॉलिश आणि वॅक्स. सगळं ऑटो अॅक्सेसरीजच्या दुकानात मिळतं. गाडी सावलीत, बॉनेट थंड. आधी शाम्पूने नीट धुवायची, कारण धुळीवर कंपाउंड घासलं तर एक ओरखडा घालवताना दहा नवे पडतात. मग ओल्या फडक्यावर वाटाण्याएवढं कंपाउंड घ्या आणि हातभर जागेपेक्षा जास्त न पसरता हलक्या हाताने घासा. पाच-सहा फेऱ्या झाल्या की पुसून बघा. गेला तर थांबा. नाही गेला तर आणखी एकदा. दोनदा करून नाही गेला तर तो ओरखडा नाही, चरा आहे, असं समजून हात आवरा. शेवटी पॉलिश आणि वॅक्स.

हात आवरा असं का म्हणतो? कंपाउंड ओरखडा भरत नाही. ते आजूबाजूचा क्लिअर कोट थोडासा खरवडून खाचेच्या पातळीला आणतं. म्हणजे प्रत्येक वेळी आपण मुदत ठेवीतून थोडी थोडी रक्कम काढतो आहोत. कारखान्याने ती ठेव एकदाच ठेवली आहे, तिच्यात पुन्हा भर पडत नाही. कडेच्या आणि उंचवट्याच्या रेषांवर तर थर मुळातच पातळ असतो. तिथे जोर लावायचाच नाही.

चिकटलेला परका रंगही याच कंपाउंडने बहुतेक वेळा निघतो. थिनर वापरू नका, विशेषतः प्लॅस्टिकच्या बंपरवर. भांड्याची घासणी, काथ्या, तारेचा चोथा यांना गाडीजवळ येऊ देऊ नका.

टूथपेस्टचं बऱ्याच जणांनी विचारलं. टूथपेस्टमध्ये बारीक घासणारी पूड असते हे खरं. अगदी पुसट ओरखड्यावर थोडा फरक दिसतोही. पण ती दातांसाठी केलेली असते. पूड किती बारीक आहे हे आपल्या हातात नाही, आणि कधीकधी ती जागा मंद पडते. कंपाउंडची लहान डबी काही महाग नाही. तेल किंवा सिलिकॉनचे फवारे मारले की ओरखडा गेल्यासारखा वाटतो. पाण्याने लपतो तसाच तोही तेलाने लपलेला असतो. चार दिवसांनी परत दिसतो.

चरा आणि गंज

चऱ्याचं मात्र तसं नाही. प्रायमर फाटून पत्रा उघडा पडला की हवा आणि ओल मिळून गंज सुरू होतो. गंज म्हणजे चक्रवाढ व्याज आहे मंडळी. तो जिथे दिसतो तिथेच थांबत नाही. शेजारच्या चांगल्या रंगाखाली सरकत जातो, तो रंग फुगतो, पोपडा निघतो, आणखी पत्रा उघडा पडतो. आज टाचणीच्या डोक्याएवढं असलेलं दोन पावसाळ्यांनी रुपयाएवढं होतं. ज्यांच्या गाड्या मुंबईत किंवा कोकणात समुद्राकाठी जातात त्यांना खाऱ्या हवेमुळे हे आणखी लवकर दिसतं. आजकालच्या पुष्कळ गाड्यांच्या पत्र्याला जस्ताचा मुलामा असतो, त्याने बराच फरक पडतो. पण मुलामाही खरवडला गेला तर तेच.

बॉनेटच्या पुढच्या कडेला महामार्गावरचे खडे उडून रंगाचे टवके जातात, दाराची कड भिंतीला लागून रंग उडतो. या लहान जखमांसाठी टच-अप पेन किंवा टच-अपची बाटली असते. गाडीच्या रंगाचा एक संकेतांक असतो. बहुधा दाराच्या खांबावरच्या किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर तो छापलेला असतो. नुसतं "पांढरा" म्हणून रंग घेऊ नका. पांढऱ्यातही पाच प्रकार असतात. संकेतांक सांगून घ्या.

पद्धत अशी. जागा धुऊन पूर्ण कोरडी करा. गंजाचा ठिपका असेल तर बारीक वॉटर पेपरची कात्रण घेऊन तेवढाच ठिपका घासून स्वच्छ धातू दिसू द्या. गंजावर रंग लावणं म्हणजे बुडीत कर्जाला नवीन कर्ज देऊन खातं नियमित दाखवणं. बँकेतल्या मंडळींना त्याचा शेवट ठाऊक आहे. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने मेणचटपणा पुसा. पत्रा उघडा असेल तर आधी प्रायमरचा थेंब. तो वाळल्यावर दात कोरायच्या काडीच्या टोकाने रंगाचा थेंब खाचेतच सोडा, आजूबाजूला पसरवू नका. एकच जाड थर देण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर, मध्ये वाळायला वेळ. शेवटी क्लिअर लॅकरचा थेंब.

जवळून बघितलं तर ठिपका दिसेल. दिसू दे. आपला उद्देश गंज थांबवणं हा आहे. मेटॅलिक आणि पर्ल रंगांत तर तो दिसणारच, कारण त्यातले चमकीचे कण फवाऱ्याने जसे बसतात तसे काडीने बसत नाहीत. हे काम मे महिन्यात, पावसाळ्याच्या आधी करा.

एक विनंती. फवाऱ्याचा डबा आणून खाली पार्किंगमध्ये किंवा गच्चीत रंग मारू नका. त्याचे कण वाऱ्याने जाऊन शेजारच्या चार गाड्यांवर बसतात. शिवाय दोन भागांच्या क्लिअर कोटच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते श्वासात जाणं घातक आहे, दम्याचा त्रास होऊ शकतो. फवाऱ्याचं काम वर्कशॉपमध्ये, योग्य मास्क लावूनच व्हायला हवं.

पोचा : पत्र्याचा आणि प्लॅस्टिकचा

पोच्यात पहिला प्रश्न, जागा पत्र्याची की प्लॅस्टिकची? लोहचुंबक लावून बघा. बहुतेक गाड्यांचे बंपर प्लॅस्टिकचे असतात. या प्लॅस्टिकला उष्णता मिळाली की ते मऊ होतं आणि आपला मूळ आकार घ्यायला बघतं. म्हणून बंपर फुटलेला नसेल, रंग तडकलेला नसेल आणि आत हात जात असेल, तर पोच्यावर उकळतं पाणी हळूहळू ओतून आतून दाबलं की पुष्कळदा पोचा बाहेर येतो. मग वरून गार पाणी ओतायचं. हातमोजे घाला, दोघांनी मिळून करा, मुलांना लांब ठेवा. पार्किंग सेन्सर किंवा रडार असलेल्या जागी मात्र हा प्रयोग नको.

पत्र्याला हे लागू नाही. हेअर ड्रायरने तापवा आणि बर्फ लावा, पोचा टुणकन बाहेर येतो, असे व्हिडिओ सगळ्यांनीच पाहिले असतील. पत्रा जिथे दबतो तिथे तो थोडा ताणलाही जातो. ताणलेला पत्रा बर्फाने आपल्या जागी येत नाही, रंग मात्र तडकण्याची शक्यता असते. पसरट, उथळ आणि रंग न फुटलेला पोचा रबरी सक्शन कपने कधीकधी येतो. एकदा करून बघायला हरकत नाही.

आता एक चांगली पद्धत आली आहे, तिला पेंटलेस डेंट रिपेअर म्हणतात. दाराच्या किंवा बॉनेटच्या आतून वेगवेगळ्या आकाराच्या सळया घालून कारागीर पत्रा थोडा थोडा वर ढकलतो, किंवा बाहेरून गोंदाने टोक चिकटवून ओढतो. रंगाला हात लागत नाही. कारखान्याचा रंग शाबूत राहतो हा मोठा फायदा. अट अशी, की रंग फुटलेला नसावा, पोचा टोकदार नसावा आणि कडेवर किंवा बॉडीच्या उभारलेल्या रेषेवर नसावा. दुसऱ्या गाडीचं दार लागून पडलेले वाटीएवढे पोचे या पद्धतीला अगदी योग्य.

हे शक्य नसेल तेव्हा नेहमीचं डेंटिंग-पेंटिंग. दाराचं आतलं आवरण काढून मागे डॉली, म्हणजे लोखंडी ठोकळा, धरायचा आणि पुढून हलक्या हातोडीने पत्रा ठोकून आणायचा. हात पोहोचत नसेल तर वॉशर वेल्ड करून ओढायचा. उरलेला उथळपणा पुट्टीने, ज्याला आपले जुने रंगारी लांबी म्हणतात, भरायचा. मग घासणं, सरफेसर, पुन्हा घासणं, बेस कोट, क्लिअर कोट.

काम देण्याआधी कारागिराला चार गोष्टी विचारा. एक, पत्रा आधी ठोकून आणणार की सगळं लांबीनेच भरणार? लांबी दोन-तीन मिलिमीटरच्या वर नसावी. जाड लांबी पुढे तडकते, आणि ती ओल शोषते, म्हणून पावसाळ्यात वर फोड येतात. काम झाल्यावर फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक लावून बघा. शेजारच्या जागेपेक्षा फारच सैल चिकटलं तर आत लांबीच आहे. दोन, रंग संकेतांकावरून बनवणार ना, आणि गाडी उन्हात जरा फिकट झाली असेल तर शेजारच्या भागावर रंग मिसळवत नेणार ना? तीन, फवारणी बंद बूथमध्ये होणार की रस्त्याकडेला? धूळ आणि दमट हवा दोन्ही रंगाचे शत्रू. चार, लेखी अंदाजपत्रक देणार का? आणि नव्या रंगावर महिनाभर वॅक्स लावू नका, त्याला पूर्ण सुकू द्या.

विम्याचा हिशेब

आता माझा आवडता भाग. "विमा आहे ना, मग क्लेम करू." मंडळी, आधी गणित करा.

वर्षभर क्लेम घेतला नाही की पुढच्या वर्षी नो क्लेम बोनस मिळतो. तो पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि सलग पाच वर्षांनंतर ५० टक्के. ही सूट फक्त ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीच्या प्रीमियमवर असते, थर्ड पार्टीच्या प्रीमियमवर नाही. आणि एक क्लेम घेतला की ती शून्यावर येते.

समजा, आपला ओन डॅमेजचा प्रीमियम १२,००० रुपये आहे आणि आपण ५० टक्क्यांवर पोहोचलो आहोत. सोयीसाठी प्रीमियम दरवर्षी तेवढाच धरू. बंपर घासला, रंगाचं बिल ५,००० रुपये. क्लेम घेतला. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये सक्तीने आपल्या खिशातून जातात. रंगकामात चौथा हिस्सा सामानाचा धरून त्यावर ५० टक्के घसारा कापतात, म्हणजे ६२५ रुपये. हातात आले ३,३७५.

आता गेलं काय ते बघा. पहिल्या वर्षी ५० टक्क्यांऐवजी शून्य, म्हणजे ६,००० रुपये जास्त. दुसऱ्या वर्षी २० टक्के, म्हणजे ३,६०० जास्त. तिसऱ्या वर्षी ३,०००, चौथ्या वर्षी १,८००, पाचव्या वर्षी ६००. सहाव्या वर्षी आपण परत ५० टक्क्यांवर. एकूण १५,००० रुपये गेले, ३,३७५ रुपयांसाठी. बँकेत असं कर्जप्रकरण आलं असतं तर शाखाधिकाऱ्याने दारातूनच परत पाठवलं असतं.

झिरो डेप्रिसिएशनचं कवच असेल तर घसारा वाचतो, पण बोनस जातोच. बोनस राखणारं वेगळं कवचही मिळतं, त्याच्या अटी वाचा. चार ठिकाणचे जुने ओरखडे साठवून "एकच क्लेम" करता येत नाही, प्रत्येक घटना वेगळी धरतात. आणि हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. गाडी बदलली तरी तो नव्या गाडीला लावून घेता येतो. तेव्हा मोठ्या नुकसानीसाठी विमा राखून ठेवा. ओरखडे खिशातून.

आणि माणसांचं काय?

आता थोडं नाजूक बोलतो. काही वर्षांपूर्वी आपल्याच एका सभासदांच्या पांढऱ्या गाडीच्या मागच्या दारावर हातभर लांब पिवळा पट्टा उमटला. नाव सांगत नाही, सांगण्याची गरजही नाही. गाड्या धुणाऱ्या मुलावर संशय गेला. त्याच्या सायकलचं हॅंडल लागलं असणार, असं ठरलं. महिन्याचे पैसे थांबले. त्याला गेटवरून आत सोडू नये, असा अर्जही आला. मी तेव्हा समितीत होतो. मी एवढंच म्हटलं, बैठकीच्या आधी सगळे खाली जाऊन पट्टा बघू.

सायकलच्या हॅंडलची उंची कुठे आणि हा पट्टा कुठे! टेपने मोजलं. पट्टा गुडघ्याच्या जरा वर होता. वळणावरच्या खांबावर आपण काळेपिवळे पट्टे रंगवले आहेत, त्यातल्या पिवळ्या पट्ट्यावर नेमक्या त्याच उंचीला पांढरं घासलेलं होतं. नखाला काही लागेना. कंपाउंडने दहा मिनिटांत पिवळा रंग निघाला, खाली दोन पुसट रेघा राहिल्या. सभासद मोठ्या मनाचे, त्यांनी त्याच दिवशी त्या मुलाला पैसे दिले, सर्वांसमोर चूक झाली असंही म्हणाले. त्या मुलाने मात्र ती गाडी पुन्हा धुवायला घेतली नाही.

म्हणून मी सुरुवातीला क्रम उलटा करा म्हणालो. उंची मोजा, रंग बघा, नख फिरवा. दहा मिनिटांचं काम आहे. आपल्या गाडीला ओरखडा पडला की आपण सगळ्यात आधी अशा माणसाकडे बोट दाखवतो ज्याला उलट उत्तर देणं परवडत नाही. वॉचमन, गाड्या धुणारा, दूध टाकणारा, नाहीतर खाली खेळणारी मुलं. आणि बऱ्याच वेळा कारण आपलंच एखादं वळण असतं.

दुसऱ्याच्या गाडीला आपली गाडी लागली तर काय करावं? चिठ्ठी ठेवा. फ्लॅट क्रमांक आणि एक ओळ : "माझ्याकडून लागले, बघून सांगा." एवढ्याने निम्मी भांडणं संपतात. सीसीटीव्हीत सापडणं आणि आपणहून सांगणं यात रक्कम तीच असते, पण नातं वेगळं राहतं.

ओरखडे पडूच नयेत म्हणून

रंगावर उन्हात दिसणारी कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल गोल रेघांची नक्षी अपघाताने येत नाही. ती रोजच्या पुसण्याने येते. रात्रभर बसलेली धूळ म्हणजे बारीक वाळूच. कोरड्या फडक्याने ती पुसणं म्हणजे रोज सकाळी हलका वॉटर पेपर मारणं. आपला गाडीवाला एका बादलीत आणि एका फडक्यात दहा गाड्या उरकतो. त्याला दोष देऊ नका, पाणी आपणच तेवढं देतो. त्यापेक्षा त्याला सांगा, रोज पुसू नकोस, आठवड्यातून दोनदा नीट धू. दोन बादल्या, एक शाम्पूची आणि एक फडकं खळबळायची. वरून खाली धुवायचं, चाकांचं फडकं वेगळं. प्रत्येक घराने आपली दोन फडकी त्याला द्यावीत. पगार मात्र तोच ठेवा.

पक्ष्यांची विष्ठा आणि झाडाचा चीक त्याच दिवशी ओल्या फडक्याने भिजवून काढा, उन्हात ते क्लिअर कोटला खातात. धुळीने माखलेल्या गाडीवर कव्हर घालू नका, वाऱ्याने ते घासत राहतं. आणि दार उघडताना हात दाराच्या कडेवर ठेवा, म्हणजे लागलं तर आधी बोटांना लागेल.

शेवटी समितीला दोन सूचना. वळणावरच्या तीन खांबांना रबरी कोपरे लावून घ्यावेत. एका दाराच्या रंगकामात ते बसतील. दुसरी, सोसायटीच्या ऑफिसात एक लहान पेटी ठेवावी : कंपाउंडची डबी, चार मायक्रोफायबर फडकी, टेप, लोहचुंबक आणि बॅटरी. कोणाची तक्रार आली की सीसीटीव्ही लावण्याआधी ही पेटी घेऊन खाली जायचं. पहिली पेटी मी माझ्यातर्फे देतो. रविवारी सकाळी ज्यांना हात कसा चालवायचा ते बघायचं असेल त्यांनी खाली यावं. माझ्या गाडीवर सरावापुरते ओरखडे भरपूर आहेत.